पाच भरल्या, सहा निघाल्या

रिव्हॉल्व्हर निवडायला मी सासूबाईंना बरोबर नेलं होतं, यावरून आमच्या घरात अजून हसतात. हसू देत. नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी नव्हती आणि मुंगीला दुसऱ्या कुणाकडे ठेवायचं माझ्या जिवावर येत होतं, म्हणून आम्ही तिघी गेलो. मुंगी म्हणजे माझी चार वर्षांची मुलगी. एका जागी सलग पाच मिनिटं सापडणार नाही, म्हणून मुंगी.

दुकान बाहेरून चष्म्याच्या दुकानासारखं दिसत होतं. आत लांबट खोली, मशीनच्या तेलाचा वास, भिंतींना कुलूपबंद काचेची कपाटं. दुकानदार हडकुळा, बोलायला सावकाश. त्याने काउंटरवर हिरवं फडकं पसरलं आणि त्यावर तीन रिव्हॉल्व्हर ओळीने ठेवली. तिन्हींची चक्रं बाजूला काढून, रिकामी घरं आमच्याकडे करून. आधी रिकामं दाखवायचं आणि मगच हातात द्यायचं, हे मला आवडलं.

पहिलं कोरं करकरीत होतं, पण हलकं. हलकं हत्यार गोळी सुटताना हातात उसळतं आणि पुढच्या गोळीचा नेम बिघडवतं. दुसऱ्याची मूठ माझ्या पंजाला मोठी. तिसरं जुनं होतं. बत्तीस बोअरचं, लांब नळीचं, कडांचा काळा-निळा रंग उडालेलं. त्याची लाकडी मूठ धरली आणि माझा अंगठा एका खोलगट जागेत जाऊन बसला. ती जागा कुणाच्या तरी अंगठ्याने झिजली होती आणि तो अंगठा माझ्याएवढाच होता.

सासूबाईंनीही तिन्ही हातात घेऊन पाहिली. पर्स डाव्या खांद्यावर सरकवून, दोन्ही हातांनी, तान्हं बाळ तोलावं तशी.

"हेच घे," त्या तिसऱ्याबद्दल म्हणाल्या. "वजन आहे. हलकी वस्तू हातातून कधी निसटते ते कळत पण नाही."

"आजींना कळतंय," दुकानदार म्हणाला.

"आजी कुणाला म्हणता हो? तुमच्यापेक्षा दोन वर्षं लहानच असेन मी."

मी विचारलं, "हे आधी कुणाचं होतं?"

"एका बाईंचं. नेम पक्का होता त्यांचा."

"मग विकलं का?"

तो मुंगीकडे बघत होता. ती काउंटरला हनुवटी टेकवून चवड्यांवर उभी होती. "मोजून मोजून कंटाळले, म्हणाल्या," तो म्हणाला आणि फडक्याची घडी घालायला लागला. मला वाटलं, नेमबाजीचे गुण मोजून.

हा उद्योग मी का करते, ते आधी सांगते. मुंगी झाल्यापासून मी झोपेतही एक कान उघडा ठेवून असते. गॅस तीनदा बघते. कडी चारदा. ती शांत झोपली की नाकाखाली बोट धरून बघते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मन एका जागी लागेल असं काहीतरी शोधा. त्यांना बहुतेक विणकाम म्हणायचं होतं. पण कॉलेजात मी दोन वर्षं एअर रायफल चालवली होती, म्हणून मी रेंजवर गेले. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, चाप हळूहळू मागे घ्यायचा. त्या आठ-दहा सेकंदांत मी मुलीचा विचार करत नाही. अख्ख्या दिवसात तेवढीच आठ-दहा सेकंदं. ती मिळायला लागल्यापासून मी घरात ओरडत नाही, रडत नाही, मुंगीला उगाच करकचून धरत नाही. म्हणून कुणी मला "सोड आता हे" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

नवऱ्याची अट एकच होती: घरात आणायचं नाही. मी आनंदाने कबूल केलं. मी तर घरातल्या कात्र्याही वरच्या खणात ठेवते. रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं क्लबच्या लॉकरमध्ये राहायची. लॉकरला दोन चाव्या. एक माझी, एक कप्तानांची, आणि दोन्ही लागल्याशिवाय ते उघडत नाही. कप्तान म्हणजे रेंजचे अधिकारी. कशाचे कप्तान होते ते कुणालाच माहीत नाही, पण त्यांच्यासमोर सगळे ताठ उभे राहतात.

रेंज तळघरात आहे. आठ गाळे, मध्ये जाड फळ्या, पंचवीस मीटरवर दिव्याच्या उजेडात कागदी टार्गेट, त्यामागे वाळूचा बांध. सकाळी दहा ते बारा. बुधवारी माझी दुपारची पाळी आणि शनिवारी सुट्टी, म्हणून माझे दिवस ते दोन. आमच्याकडे स्पर्धा पाच-पाच गोळ्यांची असते, त्यामुळे सरावही तसाच. चक्रात घरं सहा, पण भरायच्या पाचच. सहावं घर रिकामं ठेवायचं. पाच झाडून झाल्या की चक्र उघडायचं, दांडा दाबून झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ट्रेमध्ये पाडायच्या, रिकामं चक्र कप्तानांना दाखवायचं. हाताला इतकी सवय लागते की पाचवं काडतूस घातलं की बोटं आपसूक थांबतात.

पहिल्या बुधवारी मी पाच भरल्या, पाच झाडल्या आणि दांडा दाबला. ट्रेमध्ये सहा पुंगळ्या पडल्या.

टार्गेटवर भोकं पाच.

"चुकून सहा भरल्या असतील," कप्तान म्हणाले. "पहिला दिवस आहे. होतं."

आता माझं काम काय, तर मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंग तपासते. माझ्यासमोरून पट्ट्यावर गोळ्यांच्या स्ट्रिप सरकत जातात, एका स्ट्रिपमध्ये दहा खळगे. त्यात एक जरी रिकामा असेल तरी माझा हात माझ्या डोक्याआधी तिथे पोचतो. सहा वर्षांत माझ्या हातून एकही रिकामा खळगा सुटलेला नाही. मला पाच आणि सहातला फरक कळत नाही असं कुणी म्हणू नये.

मी काडतुसांच्या खोक्यात पाहिलं. पन्नासाचं खोकं. पंचेचाळीस शिल्लक.

शनिवारी मी एकेक काडतूस मोठ्याने मोजून भरलं. पुन्हा सहा पडल्या. मी हातमोजा काढला आणि एकेक पुंगळी उचलली. पाच गरम होत्या, चटका बसेल अशा. सहावी कोमट होती. बराच वेळ कुणीतरी जवळ बाळगल्यासारखी. पितळ तेच, पण जरा काळवंडलेलं. वास घेतला, तर दारूचा वासच नाही.

पुढच्या बुधवारी तेच. मी कप्तानांना चालवायला दिलं. त्यांनी पाच झाडल्या, पाच पुंगळ्या पडल्या. त्यांनी चक्र माझ्यासमोर धरलं आणि भुवया उंचावल्या. मी विचार करत होते, सहावी पुंगळी रिकामी निघते. म्हणजे तिच्यातली गोळी कुठेतरी गेलेली असते. टार्गेटवर नाही, फळीत नाही, छतात नाही. मी बॅटरी घेऊन सगळं पाहिलं होतं.

मग ती जाते कुठे?

घरातलं पहिलं भोक मला टॉवेलला दिसलं. न्हाणीघरात खुंटीला टांगलेला नवा टॉवेल, मधोमध एक गोल. कडा कापल्यासारख्या स्वच्छ, एक धागा लोंबत नव्हता. रेंजवरच्या गोळीचं तोंड चपटं असतं. कागदाला ती ऑफिसातल्या पंचसारखं गोल भोक पाडते, म्हणजे गुण मोजायला सोपं. मी टॉवेल हातात घेऊन बराच वेळ उभी होते. मागच्या फरशीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"उंदीर असेल," सासूबाई म्हणाल्या.

"उंदीर असं गोल कुरतडतो का, आई?"

"आजकालचे शिकलेले असतील."

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. भाजी निवडता निवडता त्या जरा वेळाने म्हणाल्या, "अगं, एक विचारू? मुंगी खेळताना मध्येच दोन्ही कानांवर हात का ठेवते? तू शिकवलंस का काही?"

"कधी ठेवते?"

"तू जातेस त्या दिवशी. साधारण अकराला. ठेवते, जरा थांबते, परत खेळायला लागते."

मी घर तपासायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला भोक होतं. चालू महिन्याच्या पानापासून थेट वर्षाच्या शेवटच्या पानापर्यंत, येणाऱ्या सगळ्या महिन्यांतून आरपार. भिंतीला काही नाही. बैठकीच्या खोलीतल्या पडद्याला भोक. कामावरून मी मोजमापाचा व्हर्नियर आणला. तिन्ही भोकं आठ मिलिमीटर. मग टेप आणली आणि जमिनीपासूनची उंची मोजून वहीत लिहिली. कॅलेंडर, एकशे एकाहत्तर सेंटिमीटर. टॉवेल, एकशे त्रेपन्न. पडदा, एकशे अडतीस.

पुढच्या शनिवारी रेंजवरून आले तेव्हा दाराजवळच्या खुंटीवर नवऱ्याच्या रेनकोटला भोक होतं. एकशे बावीस.

मुंगीची उंची नव्याण्णव आहे.

नवरा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो रेनकोट मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसला. भोकातून बोट घालून बाहेर काढलं.

"हे तू तर पाडत नाहीस ना?" त्याने विचारलं.

"मी?"

"म्हणजे मुद्दाम नाही गं. लक्षात न राहता. तुला मागे झोपेचा त्रास होता तेव्हा..."

"तेव्हा मी दारं बंद करत फिरायचे. भोकं पाडत नव्हते."

"विकून टाक ना ते. मला भीती वाटते."

"कशाची?"

तो रेनकोटची घडी घालायला लागला, आणि त्याने ते भोक आतल्या बाजूला जाईल अशी घडी घातली. मला कळलं, त्याला माझीच भीती वाटत होती.

तरी मी ऐकलं. भांडायचं नाही, एकदा करून बघू, असं ठरवून पुढच्या बुधवारी मी गेलेच नाही. घरी थांबले. अकरा वाजता मुंगी जमिनीवर बसून ठोकळे रचत होती. मी तिच्यासमोर बसले होते. तिने हातातला ठोकळा खाली ठेवला, दोन्ही तळवे कानांवर दाबले, आणि माझ्या मागे कुठेतरी बघत राहिली. मग पुन्हा ठोकळा उचलला.

मला काही ऐकू आलं नव्हतं. माझ्या मागे खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर अडकवलेल्या माझ्या झोळीला भोक होतं. उंची एकशे आठ.

मी तशीच रेंजवर गेले. कप्तानांनी त्यांची चावी लावली, मी माझी. रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळलेलं होतं, शनिवारी मी ठेवलं तसंच. गाठ माझीच, उलटी. चक्र उघडलं. पाच घरं रिकामी, सहाव्यात एक पुंगळी.

कप्तान म्हणाले, "मॅडम, माझ्या चावीशिवाय हे उघडत नाही."

"माहीत आहे."

"आणि चावी माझ्या गळ्यात असते."

"माहीत आहे, सर."

त्यांनी पुंगळीला हात लावला नाही. "विकून टाका," ते म्हणाले. या वेळी ते ताठ उभे नव्हते.

मी बाहेर येऊन जिन्यातून त्या दुकानदाराला फोन लावला. ओळख सांगितली. "त्या आधीच्या बाईंना मूल होतं का हो?"

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "असावं. पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा बरोबर आणलं होतं. काउंटरवर बसवलं होतं त्यांनी."

"आणि विकायला आल्या तेव्हा?"

"तेव्हा एकट्या होत्या."

मग तोच म्हणाला, "घेऊन या, मी परत ठेवून घेतो. काही विचारणार नाही."

त्या जिन्यात मी पंधरा-वीस मिनिटं बसले असेन. लोक वर-खाली जात होते, मी पाय आखडून जागा देत होते. घाबरायचं ते मी घाबरून घेतलं. मुंगी पाळण्यात होती तेव्हापासूनची सगळी भीती एकदम वर आली. आणि मग तळाशी काहीतरी कडक लागलं. राग होता तो.

विकून काय होणार? त्या बाईंनी विकलं, पण उशिरा. लॉकरमध्ये बंद ठेवलं, तरी ते थांबलं नाही. मी वाळूत पुरलं, नदीत टाकलं, तर मला कळणारसुद्धा नाही सहावी कधी गेली ते. माझ्या हातात आहे तोवर निदान मला मोजता येतं. आणि एकशे आठ आणि नव्याण्णव यांच्यात एकच फेरी उरली होती, फार तर. मी काय घरी बसून त्या फेरीची वाट बघू?

मग मला माझं काम आठवलं. पट्ट्यावर एखादा खळगा रिकामा दिसला, तर आम्ही त्याच्याभोवती आरडाओरडा करत नाही. तो आधी भरतो. आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्या क्लबात, शिस्त म्हणून, एक घर रिकामं ठेवत आलो होतो. सहाव्यापाशी येऊन बोटं थांबवत आलो होतो. रिकाम्या जागेत कुणीही येऊन बसतं.

शनिवारी सकाळी मी निघाले तेव्हा नवरा दारात उभा होता. "जाऊ नकोस" असं त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

"तू आज तिच्याजवळ बस," मी म्हणाले. "मांडीवर घेऊन, जमिनीवर. पाठ भिंतीला लावून."

"आणि तू?"

"मी बघते त्याच्याकडे."

"कुणाकडे?"

ते मलाही माहीत नव्हतं.

रेंजवर गर्दी नव्हती. शेवटच्या गाळ्यात मी एकटी. मी कप्तानांना सांगितलं, "आज मी सहा भरणार. झाडणार पाचच."

"नियम पाचचा आहे."

"मग मला काढून टाका क्लबातून. पण बारा वाजल्यानंतर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या रजिस्टरकडे. "मी नोंदी करतोय," ते म्हणाले. "मला इथून काही दिसत नाही." पण ते गेले नाहीत. माझ्या मागे दोन पावलांवर उभे राहिले.

पाच भरल्या. बोटं थांबली. मी त्यांना पुढे ढकललं आणि सहावी भरली. चक्र बंद केलं. कानांवर आवाज अडवणारी बोंडं चढवली. सगळं जग कापसात गेलं, फक्त माझा श्वास राहिला.

एक. दोन. तीन. चार. घाई केली नाही.

पाच.

मी चापावरून बोट काढलं. हात तसाच समोर, नळी टार्गेटकडे.

काही झालं नाही. धूर वर चढत गेला. घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती.

मग चाप हलला.

माझं बोट त्याच्यावर नव्हतं. तो आपोआप मागे सरकत होता, केसाएवढा, मग आणखी केसाएवढा. काडतुसावर आपटणारा मागचा घोडा पाठ वर करून उठायला लागला. चक्र फिरायला लागलं, सहावं घर नळीसमोर आणण्यासाठी.

रिव्हॉल्व्हरची एक गोष्ट आहे. चक्र फिरलं नाही, तर घोडा उठत नाही. मी डाव्या हाताने चक्र मुठीत पकडलं.

पोलाद तापलेलं होतं. तळहात भाजला. सोडलं नाही.

आतून जोर आला. यंत्राचा जोर मला माहीत आहे, तो एकसारखा असतो. हा तसा नव्हता. हा हिसके देत होता. जरा थांबून, अंदाज घेऊन, पुन्हा. रस्ता ओलांडताना मुंगी माझ्या मुठीतून मनगट सोडवून घ्यायला बघते, हुबेहूब तसा. तेवढाच.

तेवढ्याच वयाचा.

आणि त्याच क्षणी मला काय करायचं ते कळलं, कारण ते मी रोज दहा वेळा करते.

"नाही," मी म्हणाले.

हिसका.

"नाही म्हटलं ना. माझ्याकडे बघ. नाही म्हणजे नाही."

मोठा हिसका. खांद्यापर्यंत कळ गेली.

"कितीही कर. मी सोडणार नाही. मला खूप वेळ आहे."

किती वेळ गेला ते कप्तानांनी नंतर सांगितलं. एकोणीस मिनिटं. ते म्हणाले, तुम्ही अगदी हळू आवाजात बोलत होता, मी दोनदा जवळ यायला निघालो आणि दोन्ही वेळा मला पाऊल टाकवलं नाही.

शेवटी जोर ओसरला. रडून दमलेलं मूल अंग सैल सोडतं, तसा.

चक्र उघडलं. पाच पुंगळ्या, एव्हाना गार. सहावं काडतूस जसंच्या तसं, चकचकीत, न फुटलेलं.

मी घरी फोन केला. नवरा म्हणाला, "कानांवर हात ठेवला तिने. पण लगेच काढला. मग म्हणाली, बंद झालं." तो श्वास घेत होता ते मला ऐकू येत होतं. "आता तिला मांडीवरून उतरू देऊ का? माझे पाय बधिर झालेत."

"उतरू दे," मी म्हणाले, आणि तिथेच जिन्यात बसून पोटभर रडले.

घरी आल्यावर टेप घेऊन प्रत्येक खोली पाहिली. पडदे, चादरी, मुंगीचे फ्रॉक, पुस्तकं. कुठेही काही नाही. पुढच्या बुधवारीही नाही. अडीच महिने झाले, एकही नाही. तळहातावर चक्राच्या कडांचे तीन लालसर पट्टे राहिलेत. सासूबाई म्हणतात, मलम लाव. मी लावत नाही.

विकण्याबद्दल नवरा आता बोलत नाही. क्लबाच्या समितीने मात्र पत्र पाठवलं: पाचाच्या नियमाचा भंग, खुलासा करावा. मी खुलासा पाठवला. एका ओळीचा. मी सहा भरते आणि भरत राहीन. समिती अजून विचार करते आहे. करू दे. कप्तान माझ्या दिवशी नोंदी करत बसतात.

परवा शनिवारी जुनं खोकं संपलं. मी नवं काढलं. वरची कागदी पट्टी शाबूत होती, कप्तानांसमोर नखाने फाडली. पन्नास काडतुसं, बुडं वर, ओळीत. प्रत्येकाच्या बुडाशी मधोमध एक बारीक टिकली असते. घोडा तिच्यावर आपटला की काडतूस फुटतं. नव्या काडतुसाची टिकली आरशासारखी गुळगुळीत असायला हवी.

पहिलीवर एक ठसा होता. दुसरीवरही. मी खोकं दिव्याखाली धरलं. पन्नासच्या पन्नास. घोड्याचा ठसा गोल असतो. हे ठसे चंद्रकोरीसारखे होते, वाकडे, बारीक. लहान नखाने दाबून बघावं, तसे. एकही न चुकवता, ओळीने.

कप्तानांनी पाहिलं. "दुसरं खोकं देतो," ते कसंबसं म्हणाले.

"राहू द्या."

मी त्यातली सहा घेतली. पाचव्यानंतर बोटं थांबली नाहीत. चक्र बंद केलं, बोंडं चढवली, हात समोर धरला, अर्धा श्वास सोडला.

तेवढ्यात मागून माझ्या शर्टाची कड कुणीतरी धरली. हलकेच. गर्दीत आईची धरतात तशी.

मी खाली पाहिलं नाही. पहिली गोळी मधोमध लागली.